मताचा हक्क आणि मताचा दिवस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात अशी रीत पडली आहे की, उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोकांनी एकत्र जमावे आणि एखाद्या जाणत्याने चार गोष्टी समजावून सांगाव्या. आज त्या जागी आपण आम्हांस उभे केले आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळेत आम्ही सातवीपर्यंत टिकलो. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. 'कायद्यात तसे नाही' असे साहेब म्हणाले की, मग कायद्यात आहे तरी काय हे पाहण्याची पाळी येई. आणि त्या पायी आम्हांला कायदे वाचण्याची खोड लागली ती लागलीच.

युनियनच्या माणसाने पगारावर, बोनसवर बोलावे. लोकसभेच्या निवडणुकीच्या कायद्यावर याने काय बोलावे, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, बोईसरच्या चाळींत आणि डहाणू-विक्रमगडच्या पाड्यांवर आम्ही तीसएक वर्षे फिरत आहो. तेथे कष्टाने पोट भरणारी अशी पुष्कळ माणसे आहेत की, ज्यांस संविधानाने मत दिले आहे, पण ज्यांचे मत कधी पेटीत पडत नाही. कुणी ते चोरले असे नाही. वाटेत कोठे तरी ते सांडते. कोठे सांडते, हेच आज आपल्याबरोबर शोधावयाचे आहे.

मतदाराला तीन दारांतून जावे लागते असे आम्ही आमच्या माणसांना सांगतो. पहिले दार यादीचे, दुसरे दिवसाचे, तिसरे पेटीचे. यादीत नाव नसेल तर पुढची दोन्ही दारे बंद. नाव आहे, पण त्या दिवशी कामावरून सुटका नाही, तर तिसरे दार बंद. आणि पेटीपाशी पोचूनही मनात भीती असेल, तर मत दिले तरी ते आपले नव्हे.

दारांकडे वळण्यापूर्वी घराचा पाया पाहू. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याखाली मत होते ते सारा भरणाऱ्याला, मालमत्तेच्या धन्याला, थोडे शिकलेल्याला. आपल्या जिल्ह्यातला वारली त्या वेळी जमीनदाराच्या बांधावर वेठ करीत होता. १९४५ साली तो वेठबिगारीविरुद्ध उठला, तेव्हा त्याच्याजवळ मत नव्हते. संविधानाने एका फटक्यात ही सारी उतरंड मोडली. २१ वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक, मग तो अंगठा उठविणारा असो की बॅरिस्टर असो, मतदार ठरला. २५ ऑक्टोबर १९५१ पासून २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत पहिली निवडणूक चालली. मतदार सतरा कोटींच्या वर होते आणि त्यांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चित्र लावले होते.

त्या पहिल्या यादीची एक गोष्ट आम्ही कामगार भगिनींना नेहमी सांगतो. उत्तरेकडील काही राज्यांत पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरविले, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गेली. संविधानाने दिलेला हक्क नावाच्या एका ओळीवर अडला. आज पंचाहत्तर वर्षांनी ती ओळ कागदाच्या तुकड्यावर अडते आहे, एवढाच फरक आहे.

त्या काळी आपला हा मुलूख ठाण्याच्या दुहेरी मतदारसंघात मोडे. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यांतील एक राखीव जागेचा. वारल्यांचे पुढारी शामराव परुळेकर १९५७ साली याच मतदारसंघातून लोकसभेत गेले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना मतच नव्हते, त्यांना त्यांच्या लढ्याच्या पुढाऱ्यासाठी दिल्लीचे दार उघडता आले. १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ रद्द झाले. पुढे डहाणू हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता, आणि २००८ च्या पुनर्रचनेत त्याच्या जागी पालघर आला. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा तो बनलेला आहे. त्यांतील पहिली चार राखीव आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोईसरला आम्हांस उत्तरेकडचे कामगार विचारतात, "ही सीट तर आदिवासींची, मग आमचे मत येथे कसे?" राखीव आहे ती उमेदवारी, मत नव्हे. १९३२ च्या पुणे कराराने दलित वर्गांपुरती वेगळ्या मतदारसंघांची वाट बंद केली, आणि संविधानाच्या ३२५ व्या कलमाने ती कायमची बुजविली. एका मतदारसंघाला एकच यादी. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणाला त्या यादीबाहेर ठेवता येत नाही. त्या यादीतला मारवाडी दुकानदार, कोळी, वारली आणि गोरखपूरचा वेल्डर हे चौघेही एकाच खासदाराचे मालक आहेत.

आता कायद्याची इमारत थोडक्यात सांगतो. संविधानाच्या पंधराव्या भागातील ३२४ ते ३२९ ही कलमे तिचा पाया. ३२४ ने निवडणूक आयोग उभा केला आणि यादीपासून निकालापर्यंतची देखरेख त्याच्या हाती दिली. ३२६ ने प्रौढ मतदान दिले. ३२७ ने संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला, आणि त्याखाली दोन कायदे झाले. लोकप्रतिनिधित्वाचा १९५० चा कायदा यादीचा. १९५१ चा कायदा निवडणुकीचा. पहिल्याच्या पोटात १९६० चे मतदार नोंदणी नियम, दुसऱ्याच्या पोटात १९६१ चे निवडणूक घेण्याचे नियम. कारखान्यातल्या माणसाला आम्ही असे समजावतो की, संविधान म्हणजे सनद, हे दोन कायदे म्हणजे कारखाना कायदा, नियम म्हणजे स्थायी आदेश, आणि आयोगाची पत्रके म्हणजे बोर्डावरची नोटीस. मग आचारसंहिता म्हणजे काय? ती संसदेने केलेली नाही. १९६० साली केरळच्या निवडणुकीत ती प्रथम आली आणि पुढे पक्षांनी मान्य केली. म्हणजे ती दोन्ही बाजूंनी पाळावयाचा करार आहे. आणि करार कसे पाळले जातात हे आम्हां युनियनवाल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्याच्यावर डोळा असतो तो पाळतो.

मताचे वय १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आले. आमच्या वयाच्या पोरांनी १९८९ च्या नोव्हेंबरात प्रथम मत दिले. मिसरूड फुटलेले नव्हते, पण बोटाला शाई लागली होती, आणि त्या दिवशी पाळीवर कुणी आम्हांस 'ए पोरा' म्हणाला नाही.

आता पहिले दार. १९५० च्या कायद्याचे १९ वे कलम सांगते की, जो मतदारसंघात सामान्यतः राहतो, त्याचे नाव तेथील यादीत यावे. 'सामान्यतः राहतो' याचा अर्थ काय? २० वे कलम दोन गोष्टी साफ सांगते. एखाद्या गावी नुसते घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथे राहतो असे होत नाही. आणि माणूस काही काळ बाहेरगावी गेला म्हणून त्याचे राहणे संपले असेही होत नाही. ही दोन वाक्ये आपल्या जिल्ह्यातील दोन तऱ्हेच्या माणसांसाठीच लिहिली आहेत की काय, असे वाटते.

पहिली तऱ्हा बोईसरच्या कामगाराची. घर बिहारात किंवा उत्तर प्रदेशात, अंगण तेथले, म्हातारी आई तेथली. पण हा दहा वर्षे येथे दहा बाय दहाच्या खोलीत राहतो आहे. वर्षातून एकदा छटपूजेला किंवा लग्नाला गावी जातो. त्याचे नाव आहे गावच्या यादीत. लोकसभेची निवडणूक आली की, हजार-दीड हजार मैल जाऊन मत देण्याइतके पैसे आणि रजा त्याच्याजवळ नसतात. म्हणजे तेथे नाव आहे पण माणूस नाही, येथे माणूस आहे पण नाव नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचे नाव येथे यावयास हवे. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवणे १७ व्या कलमाने मना आहे, आणि खोटे लिहून दिल्यास ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून त्याने नमुना ८ भरून आपले नाव गावाहून येथे हलवावे. प्रथमच नोंद करणाऱ्याला नमुना ६ आहे. हे आम्ही त्याला सांगतो. मग तो विचारतो, "राहण्याचा पुरावा?"

येथे आम्हांला आपल्याशीच बोलावयाचे आहे. या सभेत खोल्या भाड्याने देणारे अनेक सभ्य गृहस्थ बसले असतील. भाडे रोख घ्यावयाचे, विजेचे बिल आपल्या नावाचे, आणि कामगाराने करार मागितला की, "कागद कशाला, विश्वास नाही काय?" असे म्हणावयाचे. कागद दिला तर हा खोली बळकावील अशी भीती असते. भीती समजते. परंतु अकरा महिन्यांच्या रीतसर कराराने खोली जात नाही. आणि कागद न दिल्याने मात्र एका नागरिकाचे मत जाते. ज्याच्या भाड्यावर आपल्या मुलांची कॉलेजे होतात, त्याचे मत आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणि कागद नसला तरी कायदा हात टेकत नाही, हेही लक्षात असू द्या. जो उघड्यावर झोपतो, ज्याला छप्परच नाही, त्याच्यासाठी आयोगाची सूचना अशी की, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने त्याने दिलेल्या जागी रात्री जाऊन तो तेथे झोपतो की नाही हे पाहावे. तशी खात्री झाल्यास राहण्याच्या कागदाची गरज नाही. फुटपाथवर झोपणाऱ्यासाठी जर रात्री अधिकारी जाऊ शकतो, तर खोलीत झोपणाऱ्यासाठी दिवसा का जाऊ नये? हे काम बहुधा आपल्या शिक्षकांच्या आणि अंगणवाडीच्या भगिनींच्या गळ्यात पडते. त्यांच्यावरील कामाचे ओझे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आम्ही आमच्या लोकांना सांगतो की, अधिकाऱ्याची वाट पाहू नका, पाळी सुटल्यावर एका चाळीचे वीस अर्ज एकत्र भरून त्यांच्याकडे नेऊन द्या. त्यांचाही फेरा वाचतो.

दुसरी तऱ्हा आपल्या मातीतल्या आदिवासीची. दिवाळी झाली, भात झोडून झाले की, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वीटभट्टीवर निघतात. मालकाचा बयाणा आधीच घेतलेला असतो. तो फिटेपर्यंत सुटका नाही. वसई, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर झापाची खोपटी बांधून पोराबाळांसह राहावयाचे आणि पाऊस आला की परतावयाचे. आता आपल्या मतदारसंघातील निवडणुकांच्या तारखा पाहा. खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारी २०१८ रोजी वारले. १५१ अ कलमाप्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरावयाची, म्हणून पोटनिवडणूक झाली २८ मे २०१८ रोजी. पुढची निवडणूक २९ एप्रिल २०१९, त्यापुढची २० मे २०२४. तिन्ही तारखा ऐन भट्टीच्या हंगामातल्या! जागा राखीव कुणासाठी? आदिवासींसाठी. आणि मतदानाच्या दिवशी त्यांतील सर्वांत गरीब माणूस कोठे? चाळीस-पन्नास कोसांवर, विटा थापीत.

अशा कुटुंबाला कुणी सांगेल की, तुम्ही येथे राहत नाही, तुमचे नाव काढतो, तर २० वे कलम त्याच्यासमोर ठेवावे. तात्पुरते बाहेर जाणे म्हणजे राहणे सोडणे नव्हे. आणि यादीत असलेले नाव विचारल्यावाचून काढता येत नाही. मुंबई आणि दिल्लीतील वस्त्यांतल्या लोकांची नावे परकी म्हणून काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात हेच सांगितले की, एकदा यादीत आलेले नाव काढावयाचे तर आधी नोटीस द्या, त्या माणसाचे म्हणणे ऐका. २०२५ साली बिहारमध्ये आयोगाने याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी केली. कच्च्या यादीत सुमारे ६५ लक्ष जुनी नावे आली नाहीत. तेव्हा ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला फर्मावले. त्या महिन्यात बोईसरच्या चाळींतले बिहारी कामगार रात्री पाळी संपवून गावाकडे फोन लावीत, "हमारा नाम है कि नहीं?" मेलेल्यांची आणि दुबार नावे निघालीच पाहिजेत, यात वाद नाही. पण घरी कोणी सापडले नाही एवढ्यावरून पोटासाठी बाहेर पडलेला माणूस मेलेल्यांच्या रांगेत बसविला जाऊ नये, एवढी जपणूक हवी.

काही मंडळी आम्हांस विचारतात, "बाहेरच्यांची नावे इतक्या हौसेने घालता, उद्या स्थानिकांचे काय?" प्रश्न खोटा नाही, म्हणून सरळ उत्तर देतो. उमेदवार आदिवासीच राहणार, ते आरक्षणाने बांधलेले आहे. आणि जो नियम विक्रमगडच्या कातकऱ्याला भिवंडीहून घरच्या यादीत राखतो, तोच नियम गोरखपूरच्या वेल्डरला बोईसरच्या यादीत आणतो. एकाच कलमाचे हे दोन काठ आहेत. परक्याला वगळण्यासाठी ते कलम वाकविले, तर पहिल्यांदा आपलाच गरीब माणूस बाहेर पडतो. कारण कागद त्याच्याजवळही नसतो.

आता दुसरे दार, दिवसाचे. ते आमच्या धंद्याशी अगदी लगटून आहे. १९५१ च्या कायद्यात १९९६ साली १३५ ब हे कलम घातले गेले. कोणत्याही धंद्यात, व्यापारात, कारखान्यात किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या आणि लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मताचा हक्क असलेल्या प्रत्येक माणसाला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावयाची, आणि तिच्यासाठी पगार कापावयाचा नाही. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. कायद्यात कायम आणि ठेक्याचा असा भेद नाही. मतदार काम करतो एका मतदारसंघात आणि त्याचे नाव दुसऱ्यात, तरी सुट्टी आहे, असेही आयोगाने वेळोवेळी कळविले आहे. म्हणजे भिवंडीच्या भट्टीवरचा विक्रमगडचा मजूर विक्रमगडच्या मतदानाला पगारी सुट्टीचा धनी आहे. हे त्याला ठाऊक नसते, आणि भट्टीवाल्याला ठाऊक असले तरी तो सांगत नाही.

वर ज्या तीन तारखा सांगितल्या, त्या तिन्ही सोमवारच्या होत्या. रविवारी यंत्रे थंड झालेली, सोमवारी माल निघावयाचा. अशा एका मतदानाच्या सोमवारी एका कारखान्यात आम्ही काय पाहिले ते सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तसे कारखाने एकदोन नाहीत. कायम कामगारांना सुट्टी होती, बोर्डावर नोटीस होती. ठेक्याच्या मजुरांना मुकादमाने आदल्या रात्री सांगितले, "यावयाचे असेल तर या, नाही आलात तर खाडा." मस्टरवर त्या दिवशी ठेक्याचे मजूर शेकड्यांनी हजर. दुपारी आम्ही गेटवर एका मजुराला विचारले, "मत दिलेस का?" तो म्हणाला, "भाऊ, एक हाजिरी गेली तर गॅसचे पैसे जातात." त्याचे मत कुणी विकत घेतले नव्हते. एका दिवसाच्या मजुरीच्या भावाने ते आपोआप खपले होते.

हे कलम मोडणाऱ्याला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. १९९६ साली घातलेला आकडा. एका मोठ्या कारखान्याच्या एका पाळीच्या मालापुढे पाचशे रुपये म्हणजे किती, हे येथे बसलेल्या व्यापाऱ्यांनी सांगावे. ज्या कायद्याचा दंड चहापाण्यापेक्षा स्वस्त, तो कायदा मालक मोडतो असे म्हणण्यापेक्षा तो विकत घेतो असे म्हणणे बरे. हा आकडा वाढला पाहिजे आणि मूळ कारखानदाराला ठेकेदाराबरोबर जबाबदार धरले पाहिजे, अशी आमची मागणी आहे, आणि ती आपल्या खासदाराकडे आपण सर्वांनी करावी.

कायद्याला एक अपवाद आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. हा अपवाद रास्त आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. अणुभट्टी मतदानासाठी वाऱ्यावर सोडून द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही. बॉयलरवरचा माणूस, रासायनिक प्रक्रियेवर बसलेला माणूस यांचेही तसेच. पण अपवादाचा आडोसा करून पॅकिंग खात्यातल्या पोरींनाही धोक्याच्या कामात घालणारे महाभाग आहेत! जेथे खरोखर चोवीस तास यंत्र चालते, तेथे मतदानाच्या वेळेत तीन पाळ्या अशा लावता येतात की, प्रत्येकाला मत देण्यापुरता वेळ मिळावा. राज्य शासनाची परिपत्रकेही अशा जागी काही तासांची सवलत द्यावयास सांगतात. जेथे युनियन आठ दिवस आधी बसून पाळ्यांचा तक्ता करून देते, तेथे यंत्रही थांबत नाही आणि मतही बुडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तिसरे दार पेटीचे. पेट्या गेल्या, मतपत्रिका आल्या. मतपत्रिका गेल्या, यंत्र आले. १९८२ साली केरळातील परूर येथे यंत्र प्रथम वापरले. त्याला कायद्याचा आधार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ती निवडणूक त्या केंद्रांपुरती रद्द केली, आणि मग संसदेने ६१ अ कलम घातले. २०१३ सालापासून यंत्राला चिठ्ठीची जोड आली. ती सात सेकंद काचेतून दिसते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटणही दिले. परंतु आमच्या माणसाला यंत्रापेक्षा वेगळी भीती असते. "मुकादमाला कळेल", "शेठला कळेल". म्हणून आम्ही ९४ वे कलम पाठ करून घेतो. तू कुणाला मत दिलेस हे सांगण्याची सक्ती न्यायालयातसुद्धा तुझ्यावर करता येत नाही. मग मुकादम कोण लागून गेला! आणि तू जाण्यापूर्वीच तुझ्या नावावर कुणी मत देऊन गेला असेल, तर रडत परत येऊ नकोस. नियम ४९ प प्रमाणे प्रदत्त मतपत्रिका माग. उमेदवाराच्या प्रतिनिधीने तर मतदान संपल्यावर नमुना १७ क ची प्रत घेतल्यावाचून केंद्र सोडू नये. किती मते पडली त्याचा तो हिशेब आहे. मस्टरची नक्कल हाती असली की पगाराच्या दिवशी भांडण करावे लागत नाही, तसेच हे.

या दारापाशी एक खटकणारी गोष्ट आहे. ६२ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाने तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्याला मत देता येत नाही. स्थानबद्धाला मात्र देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम कायम केले. म्हणजे संपात पकडलेला, अद्याप गुन्हा शाबीत न झालेला कामगार मत देऊ शकत नाही; पण तुरुंगातून उमेदवार म्हणून उभा राहू शकतो. आमचे एक नामवंत कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगात असताना मुझफ्फरपूरहून निवडून आले. निवडून यावयाची मोकळीक आणि निवडून देण्याची बंदी, हा न्याय आमच्या अडाणी बुद्धीला उमगत नाही.

पैशाविषयी थोडेच बोलतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २०२२ साली ९५ लाख रुपये ठरली. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. म्हणजे मुलाच्या खिशाला टाका घालावयाचा आणि बापाची थैली उघडी ठेवावयाची. निवडणूक रोख्यांची गुप्त देणगी सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरविली, कारण कोण कोणाला पोसतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. आणि ज्याने हे सर्व पाहावयाचे, त्या आयुक्तांची निवड २०२३ च्या कायद्याप्रमाणे पंतप्रधान, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेते अशा तिघांनी करावयाची. तिघांत दोघे सरकारचे. पंच निवडताना एका संघाची दोन मते असावीत काय, याचा विचार आपणच करा.

शेवटी एक अत्यंत व्यवहाराची गोष्ट. ३२९ व्या कलमाप्रमाणे निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालय मध्ये पडत नाही. १९५२ साली नामक्कलच्या पोन्नुस्वामींचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निवडणूक संपेपर्यंत थांबावयास सांगितले. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, पण त्याचा फैसला लागेपर्यंत किती वर्षे जातील कोण सांगणार! आणि २३ व्या कलमाप्रमाणे उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की, त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन "माझे नाव कसे नाही?" म्हणून आरडाओरड करणे म्हणजे वरातीमागून घोडे. आता वर्षातून चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. त्या वेळी लढाई करावयाची असते, आणि ती दगडांनी नव्हे, अर्जांनी करावयाची असते.

म्हणून आम्ही आपणांकडे तीन मागणी घेऊन आलो आहो. घरमालकांनी भाडेकरूला कागद द्यावा. कारखानदारांनी, दुकानदारांनी आणि भट्टीवाल्यांनी मतदानाचा दिवस मजुरीसह सोडावा. भट्टीवाल्यांनी तर आदल्या रात्री गाडी करून माणसे गावी पोचवावी आणि ते पैसे बयाण्यात मांडू नयेत. आणि शिकल्यासवरल्या तरुणांनी पावसाळा सुरू झाल्यावर, माणसे भट्टीवरून परतली की, एकेका पाड्यावर जाऊन यादी मोठ्याने वाचावी. ज्याचे नाव नाही त्याचा अर्ज तेथेच भरावा. त्यासाठी वकील लागत नाही, पुढारी लागत नाही, पक्षही लागत नाही. एक यादी, एक पेन आणि एक संध्याकाळ पुरते.

२०२४ साली आपल्या मतदारसंघाच्या यादीत एकवीस लाखांवर नावे होती. आकडा मोठा आहे. पण जो या आकड्यात नाही, आणि जो आकड्यात असून त्या दिवशी भट्टीवर किंवा मस्टरवर अडकला, त्याच्यासाठी संविधानाचा पंधरावा भाग अजून अमलात आलेला नाही. तो अमलात आणणे दिल्लीच्या हाती थोडे आणि पालघर-बोईसरच्या हाती पुष्कळ आहे.